पडण्याचा भाव

मागच्या जूनच्या तिसऱ्या आठवड्यात माझा चौदा वर्षांचा भाचा अमेरिकेतल्या पोर्टलंडहून ठाण्याला आला. दोन बॅगा डिकीत गेल्या आणि स्केटबोर्ड मांडीवर. विमानतळ ते घोडबंदर रोड, म्हणजे पावसात दोन-अडीच तास, तो त्या फळीची चाकं बोटाने फिरवत बसला होता. ताईने फोनवर आधीच बजावलं होतं, "इकडे परतला की लगेच त्याचा कॅम्प आहे. त्याला मोडू देऊ नका."

मोडू देऊ नका म्हणाली, पडू देऊ नका म्हणाली नाही. मी बँकेत आहे, शब्दांपेक्षा आकड्यांकडे बघायची सवय. तो फरक तेव्हा माझ्या हातून निसटला.

कॅम्प होता बर्फावरचा, आणि तो जुलैत. बाबांना हे काही केल्या पटेना. ते ७९ वर्षांचे, शाळेत गणित आणि विज्ञान शिकवून निवृत्त झालेले, त्यामुळे पटलं नाही की ते गप्प बसत नाहीत. जुलैत बर्फ कुठून आणणार? शेवटी भाच्याने नकाशा उघडला. ओरेगन राज्यात माउंट हूड नावाचा ज्वालामुखी आहे, उंची ३,४०० मीटरच्या पुढे. त्याच्या दक्षिण उतारावर पामर नावाचं हिमक्षेत्र आहे. तिथला बर्फ उन्हाळ्यातही टिकतो आणि त्याच्यावर थेट साडेआठ हजार फुटांपर्यंत लिफ्ट जाते. खाली टिंबरलाइन लॉज. महामंदीच्या काळात सरकारी रोजगार योजनेतून ते बांधलं आणि १९३७ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टने त्याचं उद्घाटन केलं. अमेरिकेतली स्कीवाली आणि स्नोबोर्डवाली पोरं उन्हाळ्याच्या सुट्टीत तिथे जमतात. सकाळी लवकर वर जायचं, दुपारपर्यंत उड्या मारायच्या, बर्फाचा चिखल व्हायला लागला की खाली यायचं. उरलेला दिवस स्केटबोर्ड, ट्रॅम्पोलिन आणि एकमेकांचे व्हिडिओ बघून फिदीफिदी हसणं.

"म्हणजे आपलं मे महिन्याचं शिबिर," बाबा म्हणाले. "फक्त खर्चिक."

खर्चिक खरंच. एका आठवड्याची फी ताईने एकदाच सांगितली, तीही डॉलरमध्ये, घाईघाईत. मी मनात गुणाकार केला. आमच्या सोसायटीचा दोन वर्षांचा मेंटेनन्स निघाला असता.

त्या खेळाला फ्रीस्टाइल म्हणतात, हे कळल्यावर बाबा आणखी गोंधळले. त्यांच्या लेखी फ्रीस्टाइल म्हणजे दारासिंग. भाच्याने त्याच्या मोडक्या मराठीत समजावलं, की यात कोण आधी पोचलं ते बघत नाहीत. उडी कशी घेतली, हवेत किती फिरलास, काय पकडलंस, उतरलास कसा, त्याचे गुण असतात. हा सगळा प्रकार मोठ्यांनी मान्य करायला वेळच घेतला. ऑलिंपिकमध्ये स्कीच्या फ्रीस्टाइल प्रकारांना पदकं मिळायला लागली १९९२ मध्ये, स्नोबोर्ड आला १९९८ ला नागानोत, आणि रेलिंगवरून घसरत, टेकाडांवरून उड्या मारत खाली यायचं ते स्लोपस्टाइल थेट २०१४ ला. पोरं मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून पडत होती.

गिरक्या ते अंशांत मोजतात. "मला सेव्हन येतं," भाचा म्हणाला, "नाइन अजून एअरबॅगवरच." सेव्हन म्हणजे सातशे वीस, नाइन म्हणजे नऊशे, आणि एअरबॅग म्हणजे सरावाची गादी. बाबांनी वर्तमानपत्राच्या कडेला तीनशे साठने भागाकार मांडला आणि त्यांचा चेहरा उजळला. "सातशे वीस म्हणजे दुप्पट. पाचशे चाळीस म्हणजे दिडकी. आणि तुझं ते नऊशे म्हणजे, अरे, अडीचकी!" पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी हे पाढे ज्यांनी छडीच्या धाकाने पाठ केले, त्या पिढीला ते उभ्या आयुष्यात पुन्हा कधी उपयोगी पडलेले मी पाहिले नव्हते. त्या आठवड्यात पडले. २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये चीनकडून स्की खेळणाऱ्या अठरा वर्षांच्या आयलीन गूने शेवटच्या उडीत सोळाशे वीस मारलं, स्पर्धेत तोवर तिने कधीच न केलेलं, आणि सुवर्णपदक नेलं. तो व्हिडिओ बाबांनी दोनदा बघितला. "साडेचार," ते म्हणाले. मग बराच वेळ काही बोलले नाहीत.

त्या व्हिडिओत उडीच्या मागे राक्षसी धुराड्यांसारखं काहीतरी दिसतं. ते शोगांगच्या बंद पडलेल्या पोलाद कारखान्याचे शीतक मनोरे. कारखाना गेला, तिथे साठेक मीटर उंचीचा उतार उभा राहिला. आमच्या पोखरण रोडवरचेही कारखाने गेले. तिथे काय उभं राहिलं ते आम्ही रोज बघतो, काही जण त्याच्याच चौदाव्या मजल्यावरून बघतो.

"यात आपलं कोण आहे?" हा प्रश्न येणारच होता. बीजिंगला आपला एकच खेळाडू होता, गुलमर्गचा आरिफ खान, तोही या प्रकारात नव्हे, झेंड्यांमधून वळणं घेत खाली येण्याच्या शर्यतीत. एवढ्या मोठ्या देशातून एक. बाबांनी मान हलवली आणि चहा मागितला.

भाचा सोसायटीत पहिल्या दिवशी पोडियमवर, म्हणजे पार्किंगवरच्या मोकळ्या जागेत, उतरला आणि तासाभरात त्याच्या मागे अकरा पोरं होती. त्याने आधी सगळ्यांची परीक्षा घेतली. एकेकाला डोळे मिटून उभं करायचं आणि मागून हलकेच ढकलायचं. तोल सावरायला डावा पाय पुढे आला तर तुम्ही रेग्युलर, उजवा आला तर गुफी. फळीवर कुठला पाय पुढे ठेवायचा ते त्यावरून ठरतं. त्याने मलाही ढकललं. उजवा. बाबांनाही, जरा जपून. उजवा. आमच्याकडे नव्या नवरीने माप ओलांडताना उजवाच पाय पुढे टाकायचा असतो, त्या हिशोबाने महाराष्ट्रातल्या तमाम सुना गुफी ठरतात.

घरी पाऊस पडत असला की तो अस्वस्थ व्हायचा. मग बाबांनी माळ्यावरचा जेवणाचा जुना पाट काढला आणि प्लंबरकडून चार इंची पाइपचा हातभर तुकडा आणला. पाइप आडवा, त्यावर पाट, पाटावर भाचा. असल्या फळ्या तिकडे दुकानात मिळतात म्हणे. "पाटावर उभं राहायचं ते लग्नात," मी म्हटलं, पण माझ्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. तिसऱ्या दिवशी तो त्या पाटावर डोळे मिटून उभा राहायला लागला. चौथ्या दिवशी टीव्हीच्या कपाटावर आपटला.

मी धावले. तो उठून हसत होता. "मावशी, मी पडला नाही. मी बेल केला."

"बेल?" बाबांनी वर्तमानपत्र खाली केलं. "शंकराला वाहतात तो?"

ह्या बेलवर आमचं फार बोलणं झालं. त्यांच्या भाषेत बेल करणं म्हणजे हवेत असतानाच कळणं, की हे काही जमत नाही, आणि मग डाव सोडून देऊन नीट पडणं. हात कोपरात मिटून घ्यायचे, तळहातावर उतरायचं नाही, हनुवटी छातीशी, खांद्यावरून गडगडत जायचं. हे त्यांना शिकवतात. पहिल्या दिवशी, उडी शिकवण्याच्या आधी. पडणं त्यांच्याकडे दोन प्रकारचं असतं, आपण केलेलं आणि आपल्याला झालेलं. ताईच्या पोराचं कॉलरबोन गेल्या हिवाळ्यात मोडलं, ते दुसऱ्या प्रकारचं.

रविवारी पाऊस जरा उघडला आणि बाबांनी आइस्क्रीमचा पॉट काढला. लाकडी बादली, मधे डबा, वर फिरवायचं हँडल. ज्यांच्या लहानपणी हा होता त्यांना सांगायला नको, आणि ज्यांच्या नव्हता त्यांना सांगून हाताला होणारी रग कळणार नाही. हापूस संपला होता म्हणून डब्यातला रस, आटवलेलं दूध, गोणपाटात गुंडाळून आणलेली बर्फाची पाव लादी. बाबा बर्फाच्या थरावर खडेमीठ पसरायला लागले, तसा भाचा ओरडला, "आजोबा, पामरवर पण असंच करतात!"

म्हणजे काय, तर उन्हाने वरचा बर्फ पाणचट झाला की त्यावर फळी रुतते, उडीचा वेग मिळत नाही, आणि उतरताना पाय अडकून गुडघा पिळवटतो. म्हणून तिथली माणसं उतारावर मीठ फेकतात. काही वेळात वरचा थर टणक होतो.

बाबांचा हात थांबला. त्यांच्यातला शिक्षक निवृत्त झालेलाच नव्हता. "मीठ बर्फाला वितळायला लावतं," ते म्हणाले. "वितळायला उष्णता लागते. ती बर्फाकडे नसते, मग तो शेजाऱ्याकडून उसनी घेतो, विरजणासारखी. शेजारी दूध असेल तर दूध गोठतं. शेजारी पाणी असेल तर पाणी." मिठाचं प्रमाण बरोबर जमलं तर हे मिश्रण शून्याखाली २१ अंशांपर्यंत उतरू शकतं, हेही त्यांनी सांगितलं. आमच्या पॉटमध्ये कधी जमलेलं नाही. आइस्क्रीम नेहमीसारखं अर्धवट झालं, आणि नेहमीसारखं संपलं.

पण त्या दिवशी आजोबा-नातवाचं गणित जुळलं. मग संध्याकाळी फोनवरचे व्हिडिओ सुरू झाले. नवी गिरकी थेट बर्फावर कुणी मारत नाही. आधी ट्रॅम्पोलिन, कमरेला दोन बाजूंनी दोर बांधून. मग फोम पिट, म्हणजे स्पंजच्या ठोकळ्यांनी भरलेला मोठा खड्डा, त्यात डोक्यावर पडलं तरी चालतं. मग एअरबॅग, हवा भरलेली भली मोठी उतरती गादी, तिचा चढउतार खऱ्या उतारासारखाच. सगळ्यात शेवटी बर्फ. यूटातल्या पार्क सिटीला तर स्कीवाले उन्हाळाभर तलावात उड्या मारतात. प्लास्टिकच्या ब्रशसारख्या उतारावर पाणी सोडलेलं असतं, त्यावरून घसरत यायचं, हवेत कोलांट्या घ्यायच्या आणि स्कीसकट धबकन पाण्यात. उडीच्या वेळी तलावाच्या तळातून हवेचे बुडबुडे सोडतात. सपाट पाणी उंचावरून फरशीसारखं लागतं, बुडबुड्यांनी ते मऊ होतं. पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही, असं आपण म्हणत आलो. इथे पाण्यात पडल्याशिवाय बर्फावर उतरता येत नाही.

फोम पिट दिसल्यावर बाबांनी फोन हातात घेतला. "हा तर हौद!"

लहानपणी नौपाड्यात ते तालमीत जात. मल्लखांब करायचे, कुस्ती बघायचे. तालमीतल्या हौदाची माती म्हणजे रस्त्यावरची माती नव्हे. तांबडी, चाळलेली, त्यात तेल, ताक, हळद घालून रोज खणून मऊ केलेली. पाठीवर आपटलेला पैलवान दुसऱ्या मिनिटाला उभा राहायचा तो त्या मातीमुळे. "आम्हाला वाटायचं, हळद देवाची म्हणून घालतात," बाबा म्हणाले. "ती जखमेची होती."

मी हे ऐकत होते आणि माझा डावा हात आपोआप उजव्या मनगटावर गेला होता.

मी बारा वर्षांची असताना दोरीच्या मल्लखांबावरून पडले. व्यायामशाळेचं नाव सांगत नाही, ती माणसं वाईट नव्हती. मुलींना दोरी, मुलांना खांब, अशी तेव्हाची वाटणी. पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यात दोरी धरून वर चढायचं, अढी घालायची, हात सोडायचे. मला हात सोडायला आवडायचं. त्या दिवशी खालची गादी पावसाने भिजली म्हणून बाहेर वाळत टाकली होती, आणि सर म्हणाले आज वरचं काही करू नका. मी केलं. मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. मग कुणी मला जाऊ नको म्हणालं नाही. आई फक्त म्हणाली, "झालं ना समाधान?" आणि मी पुन्हा गेले नाही.

इतकी वर्षं मी हे भित्रेपणाच्या खात्यावर टाकलं होतं. ताई धीट, मी भित्री, म्हणून ती अमेरिकेला गेली आणि मी मुलुंड चेकनाक्याच्या शाखेत. भाच्याचे व्हिडिओ बघताना पहिल्यांदा वाटलं, हे खातं चुकीचं मांडलंय. तो एका दिवसात तीस-तीस वेळा पडतो. तीसमधली एखादीच त्याला महाग जाते. मी वर्षभरात एकदा पडले आणि त्या एकात माझं सगळं भांडवल गेलं. धीट माणसं जन्माला येत असतीलही, पण त्या डोंगरावरचे बरेचसे धीट कुणीतरी पैसे घालून, गाद्या पसरून, पडण्याचा भाव खाली आणून घडवलेले आहेत. तेवढ्या फीमध्ये त्यांना खरं तर तेच विकत मिळतं. बर्फ सोबत येतो.

हे बाबांना सांगितलं तर त्यांनी माझ्याकडे जरा बघितलं आणि म्हणाले, "गादी मीच वाळत टाकायला सांगितली होती. पालक समितीवर होतो." चाळीसेक वर्षांनी. मग आम्ही दोघांनी बातम्या लावल्या.

मातीचा काळ फार सुखाचा होता असं मला म्हणायचं नाही, माझं मनगट त्याच काळातलं. पण नौपाड्यातल्या आमच्या वाडीच्या अंगणात ढोपर फुटायचं, डोकं क्वचित. आता वाडी गेली, तिथे पेव्हर ब्लॉक आले. आणि आम्ही राहतो तिथे तर पोरं खेळतात त्या जमिनीखाली जमीनच नाही, तीन मजले गाड्या आहेत. स्लॅबवर गुळगुळीत फरशी. पावसात त्यावर मोठी माणसंही जपून चालतात. तिथे कुठल्या आईने पोराला "जा, पड" म्हणावं? आम्ही आळीपाळीने बाल्कनीतून ओरडतो, "हळू!" आणि मग पोरं घरात फोन घेऊन बसतात म्हणून पुन्हा आम्हीच ओरडतो.

तिकडेही सगळं आलबेल नाही. २०२१ च्या जूनअखेर पोर्टलंडला पारा ४६ अंशांच्या पुढे गेला होता, ठाण्याचा मे लाजेल असा. ताईकडे तेव्हा एसी नव्हता. ओले टॉवेल पांघरून ती दोन दिवस जमिनीवर झोपली होती आणि आम्ही इकडून तिला पन्ह्याची कृती पाठवत होतो. २०२२ च्या उन्हाळ्यात स्वित्झर्लंडच्या झरमॅटलाही बर्फ इतका वितळला, की उन्हाळी स्कीइंग काही काळ थांबवावं लागलं. भाच्याला हे ठाऊक आहे. "मी मोठा होईपर्यंत पामर छोटा होईल," तो सहज म्हणाला, आपण आंब्याचा मोसम लवकर संपतो म्हणतो तसं. मीठ टाकून टाकून किती दिवस?

जूनच्या शेवटी दोन दिवस कडकडीत ऊन पडलं. चौथ्या मजल्यावरच्या काकूंनी कुबट वास यायला लागलेल्या कापसाच्या गाद्या पोडियमवर उन्हात टाकल्या. ते बघून तिसऱ्या मजल्याने टाकल्या. दुपारी बँकेतून लवकर आले तर पोडियमवर नऊ गाद्या दोन थरांत रचलेल्या, पुढे कुणाच्या तरी इंटीरियरचं उरलेलं प्लायवूड दोन विटांवर तिरकं टेकवलेलं, आणि बाजूला प्लास्टिकच्या खुर्चीवर बाबा, हातात वही. भाच्याने सायकलचं हेल्मेट सक्तीचं केलं होतं. आधी फळीशिवाय उडी. हात मिटून, खांद्यावरून गडगडत. तीनदा नीट पडून दाखवल्याशिवाय फळी मिळणार नाही. सात-आठ वर्षांची एक मुलगी, एरवी लिफ्टमध्ये आईचा पदर न सोडणारी, माझ्यासमोर अकरा वेळा पडली. अकराव्यांदा पडून तिने बाबांना विचारलं, "आता किती झाले?"

"अकरा," बाबांनी वहीत बघून सांगितलं. "बेल धरून."

वॉचमन आधी हरकत घ्यायला आला होता. नंतर तो प्लायवूड सरकू नये म्हणून त्यावर पाय देऊन उभा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी लिफ्टशेजारच्या फळ्यावर सूचना लागली. भाचा तिकडे रविवारच्या मराठी शाळेत जातो, म्हणून बाबा त्याला दिसेल ते देवनागरी वाचायला लावतात. तो बोट ठेवून, अक्षर लावत वाचू लागला.

"सर्व स-भा-स-दांस कळ-वि-ण्यात येते की, पोडि-यमवर गा-द्या टाकून उड्या मारण्यास स-क्त मनाई आहे. आढळल्यास प्र-त्येकी रुपये ५०० दंड आ-का-रण्यात येईल." तो वळला. "आजोबा, दंड म्हणजे फाइन?"

"हो."

"फाइव्ह हंड्रेड रुपीज?"

"हो," बाबा लिफ्टचं बटण दाबत म्हणाले. "स्वस्त आहे."